रेस्क्यू : कशातून?

मराठीत सध्या एक शब्द मोकाट सुटला आहे आणि त्याला कोंडवाडा दाखवण्याची वेळ आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो शब्द म्हणजे ‘रेस्क्यू’. यवतमाळ जिल्ह्यातले कोणतेही वर्तमानपत्र उघडा. बिबट्या रेस्क्यू झाला, अजगर रेस्क्यू झाला, पुरात अडकलेली माणसे रेस्क्यू झाली, विहिरीत पडलेली नीलगाय रेस्क्यू झाली. बातमीदाराला हा एक शब्द सापडला आणि बाकीचे सारे क्रियापद-भांडार त्याने गहाण टाकले.

वाचकांनी मला लगेच भाषाशुद्धीवाल्यांच्या रांगेत बसवू नये. माधव जूलियनांच्या ‘भाषाशुद्धि-विवेका’बद्दल मला आदर आहे, पण ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ यांच्याशी माझे काडीचेही वैर नाही. ‘जेरबंद’ हा तरी कुठे आपला? घोड्याच्या साजातला तो फारसी पट्टा. परंतु ‘वाघीण जेरबंद’ असे छापले, की वाघीण धरली गेली हे शेंबड्या पोरालाही कळते. शब्द परका, पण बोलणे खरे. माझी तक्रार ‘रेस्क्यू’च्या जातीबद्दल नाही, त्याच्या वागणुकीबद्दल आहे.

मराठीतले ‘सोडवणे’ पाहा, ‘सुटका’ पाहा, साधे ‘बाहेर काढणे’ पाहा. ही सगळी पंचमी मागणारी मंडळी आहेत. सोडवले, पण कशातून? विहिरीतून, पुरातून, सावकाराच्या पाशातून. ‘वाचवणे’ म्हटले तरी ‘कशापासून’ हे यावेच लागते. तेवढे सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि सांगणाऱ्याची सुटका होत नाही. ‘रेस्क्यू केले’ म्हटले, की मात्र वाक्य पुरे! कशातून, कोणाच्या तावडीतून, सोडवून नेले कुठे, हे कोणी विचारत नाही. पंचमी गेली आणि तिच्याबरोबर जाबही गेला.

व्याकरणाच्या एका प्रत्ययावर एवढा थयथयाट कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने २०१८ साल आठवावे. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात दोनेक वर्षांत १३ माणसे मेली आणि ती सारी वनखात्याने ‘टी-१’ म्हटलेल्या वाघिणीच्या नावावर मांडली गेली. (‘अवनी’ हे नाव तिला दिले ते शहरांनी, ज्यांची गुरे आणि माणसे गेली त्यांनी नव्हे.) आधी बेशुद्ध करून पकडा, ते न जमल्यास गोळी घाला, असा हुकूम होता, ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती ऑक्टोबरात सुटला आणि त्याने राळेगाव तालुक्यात एका बाईचा जीव घेतला. वाघाने न मारलेले माणूस वाघ पकडण्याच्या तयारीत मेले! २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने पडली. तिच्या मागे दोन बछडी राहिली.

त्यांतले मादी बछडे डिसेंबरात पकडून पेंचला नेले. या पकडण्यालाही ‘रेस्क्यू’च म्हणायचे. दोन वर्षांहून अधिक काळ ते कुंपणात वाढले, मार्च २०२१ मध्ये मोकळे सोडले गेले, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीच्या जखमांनी मेले. आता सांगा, त्या पोरक्या जनावराला कशातून सोडवले होते? भुकेतून म्हणाल, तर तसे लिहा. मला ते पटेलही. माणसांना त्याच्यापासून वाचवले म्हणाल, तर तेही लिहा. बोराटीच्या माणसाला जगण्याचा हक्क आहे आणि तो मागताना त्याने लाजण्याचे कारण नाही. पण ही दोन उत्तरे अगदी वेगळी आहेत. ‘रेस्क्यू’ या एका शब्दाखाली ती दोन्ही झाकली, म्हणजे ना वाघाचा हिशेब द्यावा लागतो, ना माणसाचा.

खुद्द इंग्रजीत हा शब्द इतका गुळगुळीत नव्हता. त्याचे मूळ लॅटिन; झटकून मोकळे करणे, हिसडा देऊन सोडवणे, हा त्याचा अर्थ. त्यात झोंबाझोंबी आहे, समोर कोणीतरी धरून बसला आहे. इंग्रजांनी आपल्याकडे १८७१ साली गुरांच्या कोंडवाड्याचा कायदा केला, त्याचे २४ वे कलम वाचण्यासारखे आहे. धरलेली गुरे कोंडवाड्यातून, किंवा तिकडे नेणाऱ्याच्या हातून, जो ‘रेस्क्यू’ करील त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड! म्हणजे त्या कायद्यात कोंडलेले जनावर सोडवणारा तो रेस्क्यू करणारा, आणि तो गुन्हेगार. आज मोकळे जनावर कोंडणारा तो रेस्क्यू करणारा, आणि त्याचा सत्कार. दीडशे वर्षांत शब्दाने अशी कोलांटी मारलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

पुढे तर इंग्रजीत संस्थेलाच ‘अ रेस्क्यू’ म्हणू लागले, आणि त्या संस्थेतून घरी आणलेल्या कुत्र्यालाही ‘अ रेस्क्यू’च. ‘रेस्क्यू डॉग’ म्हणजे बर्फात गाडलेल्या माणसाला हुडकणारा कुत्रा, की उकिरड्यावरून उचलून आणलेला, हे संदर्भावरून ओळखायचे. वाचवणारा, वाचलेला आणि वाचवण्याचे दुकान, तिघांना नाव एकच! आपल्याकडेही आता संस्थांच्या पाट्या याच धर्तीच्या लागू लागल्या आहेत. जुन्या ‘पांजरपोळा’त काय चालते हे नावावरूनच कळे, म्हातारी, लंगडी गुरे मरेपर्यंत सांभाळायची जागा. नागपूरजवळ गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. तिथल्या उपचारांना मी नावे ठेवत नाही; पण आत गेलेला प्रत्येक प्राणी जंगलात परत जात नाही, आणि पाटी ही गोष्ट बोलत नाही.

या शब्दाला मी सरसकट हद्दपार करतो आहे असे मात्र नाही. वणी तालुक्यात कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत. खाणीत आग लागली, वायू कोंडला, तर श्वासयंत्र बांधून आत शिरायला शिकवलेली माणसे असतात. त्यांच्यासाठी १९८५ चे स्वतंत्र नियम आहेत. खाणकामगार त्यांना ‘रेस्क्यूवाले’ म्हणाले तर मी टोपी काढीन. तिथे ‘कशातून’ हे विचारावेच लागत नाही. डोक्यावर शेकडो फूट जमीन असते. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला, तेव्हा तिथल्या माणसांना बाहेर काढणारे पथकही असेच. अर्थात आपल्या भागातला माणूस पुरातून वाचल्यावर ‘मी रेस्क्यू झालो’ म्हणत नाही. ‘आमाले पान्यातून काहाडलं’ म्हणतो. त्याच्या वऱ्हाडीत पंचमी शाबूत आहे.

आणि टिपेश्वरच्या जंगलात २०२५ साली एका वाघिणीच्या मानेत रुतलेला तारेचा फास, तिला बेशुद्ध करून, काढला आणि तिला पुन्हा तिथेच सोडले. ही अस्सल सुटका. फासातून सुटका. दुर्दैव असे, की या कामाला आणि त्या बछड्याच्या पिंजऱ्याला आपण एकाच शब्दाने ओवाळतो. ज्यांनी फास काढला त्यांचा तर हा सरळ अपमान आहे. मराठीने एके काळी ‘सर्पमित्र’ असा नामी शब्द घडवला होता. घरातला साप धरून रानात सोडणाऱ्याला याहून नेमके काय म्हणावे? तो पोरगाही आता कार्डावर ‘स्नेक रेस्क्युअर’ छापून घेतो.

उपसंपादक सांगतात, मथळ्यात जागा नसते. खुशाल वाचवा जागा. पण कशातून सोडवला, नेला कुठे आणि परत सोडणार केव्हा, एवढे तीन प्रश्न वनखात्याला विचारल्याशिवाय ‘रेस्क्यू’ची बातमी छापू नका. उत्तर आले नाही तर सरळ ‘बिबट्या पकडला’ असे लिहा. ‘रेस्क्यू केला’ला त्याहून जास्त जागा लागते.