योग्य उपचारकाच्या शोधात

उन्माद आणि नैराश्य अशा दोन टोकांमध्ये मनःस्थिती कित्येक दिवस, कधी महिनोन्‌महिने हेलकावत राहते, त्या आजाराला बायपोलर डिसऑर्डर म्हणजेच द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. रुग्ण बहुधा नैराश्यातच मदत मागतो. तीन तासांच्या झोपेनंतरही थकवा न जाणवण्याचे, उधळपट्टीचे आणि अखंड बोलण्याचे दिवस घरात ‘उत्साह’ म्हणून खपून जातात, त्यामुळे निदान लांबते आणि निव्वळ नैराश्यावरील औषधाने उन्माद बळावण्याचा धोका राहतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने उपचार हा हक्क ठरवला आणि २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही उपलब्ध झाली, तरीही नेमके कोणाकडे जावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे कायम आहे. म्हणूनच प्रस्तुत अंकात मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे औषधे देणारा आणि लिथियम सुरू असल्यास नियमित रक्ततपासणी करवून घेणारा डॉक्टर, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला व झोपेच्या नोंदींतून आजार उलटण्याच्या पूर्वखुणा ओळखायला शिकवणारा तज्ज्ञ, यांच्या कामांतील फरक आणि त्यांचा परस्परसंवाद उलगडला आहे. पहिल्या भेटीत उपचारकाला या आजाराचा अनुभव किती, कुटुंबीयांना तो कसे सामील करून घेतो आणि तातडीच्या वेळी कोठे संपर्क साधायचा, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. वाचकांनी या शोधातले आपले अनुभव आणि शंका अवश्य कळवाव्यात, असे संपादक मंडळाचे आग्रहाचे आवाहन आहे.