मजुरीचा भाव रुमालाखाली नको

सुगी आटोपली, रब्बीची पेरणी उरकली की आपल्या भागातून मुंबईकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या भरून जाऊ लागतात. कुणी घाटकोपरला मामाकडे, कुणी बोरिवलीला गाववाल्याच्या खोलीवर. निघताना घरात विचारणा होते, "काम काय?" उत्तर येते, "लागेल काहीतरी." "पगार?" "देतील की!" ज्या घरात कांद्याची गोणी बाजार समितीत न्यायच्या आधी तीन ठिकाणी भावाची चौकशी होते, त्याच घरातला तरणाताठा पोरगा आपल्या अंगमेहनतीचा भाव न विचारताच गाडीत बसतो. आमचे आजचे सांगणे या एकाच गोष्टीबद्दल आहे.

पूर्वी बाजारात मालाचा भाव रुमालाखाली ठरायचा. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबायचे आणि ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला तोंड बघत उभा. ही हत्ता पद्धत मोडावी, भाव उघड लिलावात सगळ्यांच्या कानावर पडावा, म्हणून बाजार समित्यांचे नियम झाले. मजुरीचा भाव मात्र अजून पुष्कळ ठिकाणी रुमालाखालीच आहे. मुकादमाला मालकाकडून किती मिळतात हे मजुराला ठाऊक नसते आणि शेजारी उभ्या असलेल्या गड्याला किती कबूल झाले तेही कळत नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत सकाळी कामगारांचे नाके भरतात. बिगारी, गवंडी, रंगारी, सुतार असे सगळे तिथे उभे असतात. इथला सौदा दोन मिनिटांत होतो. सकाळी लवकर भाव टिकतो, दहा वाजून गेले की पडू लागतो. कारण उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायला घाबरतो. म्हणून नाक्याचा नियम असा की टेंपोत पाय ठेवायच्या आधी चार गोष्टी तोंडाने वदवून घ्याव्यात: रोज किती, किती वाजेपर्यंत, पैसे आज की आठवड्याने आणि येण्याजाण्याचे भाडे कुणाचे. "काम बघून देऊ" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. काम बघून कमीच देतात, जास्त कुणी दिल्याचे ऐकिवात नाही.

सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी करायला आपली पोरे हौसेने जातात. तिथे वेगळा हिशेब करावा लागतो. समजा एजन्सीवाला म्हणाला, महिना अठरा हजार, बारा तास, सुट्टी नाही. आकडा गोड वाटतो. पण आठ तासांवरच्या कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. म्हणजे वरचे चार तास आठ तासांसारखे धरायचे आणि बारा तासांच्या ड्युटीला सोळा तासांची मजुरी लावायची. अठरा हजाराला तीस दिवसांनी भागले की रोज सहाशे. त्याला सोळाने भागले की तासाला साडेसदतीस रुपये आणि आठ तासांच्या दिवसाला फक्त तीनशे. साप्ताहिक सुट्टी बुडाली ती वेगळीच. हा आकडा सरकारच्या किमान वेतनाशी ताडून पाहावा. महागाईप्रमाणे ते दर सहा महिन्यांनी बदलते. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ च्या कायद्याने मंडळ झालेले आहे आणि मंडळामार्फत लागलेल्या रक्षकाचा पगार मंडळ ठरवते. ठेकेदाराच्या दारात जाण्याआधी तिथली चौकशी करायला काय हरकत आहे?

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा सीप्झमध्ये ठेकेदारामार्फत काम लागले तर "हातात किती" एवढेच विचारून भागत नाही. "कागदावर किती" हेही विचारावे. भविष्य निर्वाह निधी कापतात का, मालकाचा तेवढाच वाटा जमा होतो का, कामगार विम्याचे कार्ड मिळते का, हे पगारातच धरायचे असते. यंत्रात बोट गेले तर त्या दिवशी हातातले दोन हजार जास्त कामाला येत नाहीत, विम्याचे कार्ड येते. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे आणि काम सुटले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. कायदा कागदावर असतो हे खरे, पण मागणाऱ्याच्या तोंडात तो असला तर थोडाफार जागा होतो.

आपल्या लेकीबाळीही घरकामाला जातात. त्यांनी "महिन्याला अमुक" असा एकगठ्ठा सौदा करू नये. भांडी, कपडे, झाडूपोछा, स्वयंपाक यांचा कामागणिक दर बोलावा. घरात माणसे किती, महिन्यात सुट्ट्या किती, पाहुणे आले तर काय आणि वाढ कधी, हे पहिल्या दिवशीच उघड करावे. एकाच इमारतीत काम करणाऱ्या बायांनी एकमेकींना दर सांगितला तरी रुमाल निम्मा बाजूला होतो.

एकट्याने भाव करण्याला मर्यादा आहे, हे आपल्याच माणसांनी फार पूर्वी ओळखले. साताऱ्याकडून मुंबईत जाऊन पाठीवर गोणी वाहणारे माथाडी एकेकटे होते तोवर मुकादम देईल ती मजुरी घेत. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. तेव्हापासून मजुरीचा दर ठरलेला, मालकाने पैसे मंडळात भरायचे, वर लेव्ही द्यायची आणि त्यातून निधी, बोनस, रजा. म्हणजे हमालीचा उघड लिलावच झाला. मुंबई महापालिकेच्या कचरा गाड्यांवरचे २,७०० कंत्राटी सफाई कामगारही संघटनेच्या जोरावर वर्षानुवर्षे कोर्टात लढले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कायम झाले. एकट्यादुकट्याला हे साधले नसते.

पण एकी असूनही हरल्याचे उदाहरण आपल्या घराघरात आहे. घाटकोपरच्या खाणकामगारांत काम सुरू केलेले डॉ. दत्ता सामंत यांनी कारखान्यांतून मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या. १८ जानेवारी १९८२ ला त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुष्कळ जण गावी परतले आणि शेतावरच्या भाकरीवर महिनोन् महिने तग धरून राहिले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, परंतु कामगार हरला. त्याच्यापेक्षा जास्त थांबण्याची ताकद मालकाकडे होती. त्यातला धडा कडू असला तरी आपल्या ओळखीचा आहे. ज्याला थांबता येते त्यालाच भाव मिळतो. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो भाव पडला की माल राखून ठेवतो, ज्याच्याकडे नाही तो मातीमोल देऊन मोकळा होतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटे आहे. अक्कल असते, सवड नसते.

तेव्हा पोराला मुंबईला पाठवताना ही सवड त्याच्या पिशवीत बांधून द्या. पंधरा दिवसांची खानावळ, खोलीचा वाटा आणि रेल्वेचा पास एवढे पैसे जवळ असले तर तो पहिल्या पडेल भावाला "नाही" म्हणू शकतो. उलट मुकादमाची उचल घेऊन गेला तर त्याची जीभ गावातच बांधली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

आणि ग्रामपंचायतींनाही काम आहे. कोण, कुठे, कुणाबरोबर, किती कबुलीवर गेला याची एक साधी वही कार्यालयात ठेवावी, मुकादमाच्या मोबाइल नंबरासह. ज्याचे नाव वहीत आहे तो मुकादम पैसे बुडवताना दोनदा विचार करील. किमान वेतनाचे चालू दर फळ्यावर लिहावेत. गावात बांधकामावर ९० दिवस राबलेल्या मजुराला बांधकाम मंडळाच्या नोंदणीसाठी दाखला लागतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, खात्री करून तो द्यावा, हेलपाटे घालायला लावू नयेत. आणि परत आलेल्या पोरांना पारावर बसवून खरा भाव विचारावा. मुंबईहून येणारा मोठेपणापायी पगार वाढवून सांगतो आणि त्या खोट्या आकड्यावर पुढची दहा पोरे फसतात. अंधेरीत काय मिळाले, मुलुंडला काय मिळाले, कापून हातात काय आले, हे चारचौघांत बोलले गेले पाहिजे.

मालाचा भाव उघड व्हावा म्हणून आपल्या आधीच्या पिढीने आवाज उठवला. मजुरीच्या भावावरचा रुमाल ओढून काढायचे काम या पिढीचे आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईच्या नाक्यावर नाही, गावच्या पारावर होते.