मोटारीचे बॉनेट आणि सुशिक्षितांचे सोवळे

वाशीमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कनेरगाव नाका हे गाव आहे. वऱ्हाड आणि निजामी मुलूख यांची हद्द एके काळी याच परिसरातून जात असे. १९५६ साली दोन्ही प्रदेश एका राज्यात आले आणि ती हद्द पुसली गेली. गावाच्या नावातील नाका मात्र राहिला. परंतु या रस्त्याने जाणायेणाऱ्या जुन्या मोटारींकडे लक्षपूर्वक पाहिले, तर एक निराळीच हद्द अद्याप कायम असल्याचे दिसून येते. मोटार अडली म्हणजे शेतकरी, किराणा व्यापारी किंवा भाडोत्री गाडीचा चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो आणि निदान काय बिघडले आहे याचा अंदाज घेतो. शिक्षक, प्राध्यापक, वकील किंवा कचेरीतील अधिकारी मात्र खाली उतरतो आणि खिशातून फोन काढतो. बॉनेट हेच त्याच्या विद्येचे हद्दीचे दगड! त्यापलीकडचा मुलूख परक्याचा.

ही स्थिती लज्जास्पद आहे, आणि तिचे कारण वेळेचा अभाव किंवा यंत्राची दुर्बोधता हे नसून हस्तकौशल्याविषयीचे आपले पिढीजात सोवळे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने तिची नित्याची देखभाल घरीच, स्वतःच्या हाताने केली पाहिजे. यात पैसे वाचतात ही गोष्ट खरी. परंतु मुख्य लाभ पैशाचा नाही.

प्रथम, ही 'नित्याची देखभाल' म्हणजे किती मोठे अवडंबर आहे ते पाहू. उदाहरणार्थ मारुती आठशेच घ्या. १९८३ च्या डिसेंबरात पहिली आठशे रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे, ७९६ घन सेंटिमीटरांचे हे इंजिन. त्याच्या चेंबरमध्ये सुमारे तीन लिटर ऑइल मावते. साधारणतः दर ५,००० किलोमीटरांस इंजिन कोमट असताना चेंबरचा बोल्ट सोडावा, काळे ऑइल तसराळ्यात काढून घ्यावे, ऑइल फिल्टर बदलावा, बोल्टाखालचे वायसर नवे घालावे, नवे ऑइल ओतावे आणि गज पुसून पातळी पाहावी. झाले! एअर फिल्टर काढून झटकावा. काळ्या मातीची धूळ जेथे उन्हाळाभर उडते त्या आपल्या भागात तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीपूर्वीच बदलावा. तीन प्लग सोडून त्यांची टोके पाहावीत: फिकट तपकिरी असतील तर इंजिनाची प्रकृती उत्तम, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी, ओलसर तेलकट असतील तर पिस्टनच्या रिंगा थकल्या. वैद्याने जीभ पाहावी तसाच हा प्रकार. बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने व खाण्याच्या सोड्याने धुवावी. मात्र वायर काढताना ऋण टोकाची प्रथम काढावी. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी कदापि घालू नये, कारण चहाच्या पातेल्यात जे खडू साचतात तेच त्याच्या बारीक नळ्यांत साचतात. चाकांतील हवा, पंख्याचा पट्टा, वायपरचे रबर हे पाहणे तर पाच मिनिटांचे काम.

ही सगळी कामे एका रविवारच्या दुपारपर्यंत उरकतात. ज्याने शेक्सपिअरची पाठभेदांसह आवृत्ती वाचली आहे, किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले आहे, त्याच्या बुद्धीस यातले काय झेपणार नाही? तेव्हा अडचण बुद्धीची नाही. अडचण नखांत जाणाऱ्या काळ्या तेलाची आहे.

हे दुखणे आजचे नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकरा'त लिहिलेल्या शतपत्रांत आपल्याच वर्गाचा निरुद्योगीपणा आणि पोकळ शब्दपांडित्य यांवर कोरडे ओढले. मुंबईच्या तंत्रशाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींच्या दुकानात शिरले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेत गांधीजींनी शिक्षण हातांच्या उद्योगातून द्यावे असे मांडले. आम्ही पहिल्याचा गौरव केला, दुसऱ्याचे चरित्र पाठ्यपुस्तकात घातले, तिसऱ्याची जयंती केली. आणि मुलांस मात्र पान्यापासून दूर ठेवले.

यात एक विलक्षण योगायोग आहे. ज्या १९८३ साली मारुती आठशे आली, त्याच साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. तेव्हापासून अभियांत्रिकीची पदवी मध्यमवर्गीय घराघरांत पोचली. एकाच अंगणात मोटार आणि अभियंता दोघेही उभे. आणि मोटारीचा प्लग बदलण्यास सातवीतून शाळा सुटलेला मुलगा बोलावून आणावा लागतो! पदवी अभियंत्याकडे, विद्या पोराकडे. त्या पोरास आपण 'ए, छोट्या' म्हणतो, चहा निराळ्या कपात देतो, आणि आपले व आपल्या कुटुंबाचे प्राण ताशी ८० किलोमीटर वेगाने त्याच्या हातच्या कामावर सोपवून निश्चिंत होतो. याला श्रमविभाग म्हणावे की जातिभेदाचे नवे रूप, हे वाचकांनीच ठरवावे.

येथे कोणी अर्थशास्त्राचा आधार घेऊन म्हणेल की, ज्याचे काम त्याने करावे, यातच समाजाचे हित आहे. ॲडम स्मिथनेच ते सिद्ध केले आहे. स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचा दाखला दिला हे खरे. पण तोच ग्रंथ पुढे वाचला, तर जन्मभर दोनचार ठरावीक क्रियाच करीत राहणाऱ्या माणसाची बुद्धी मठ्ठ होते, असा इशाराही त्यानेच दिलेला आढळेल. स्वयंपाकीण ठेवणाऱ्या गृहिणीसही भात शिजला की नाही हे बोटांनी कळते. मग मोटार बाळगणाऱ्यास ऑइल जळले की नाही हे का कळू नये? श्रमविभागाचा अर्थ अज्ञानाचा हक्क असा नव्हे.

दुसरा आक्षेप दयाबुद्धीचा आहे: घरोघरी लोक पाने चालवू लागले तर गॅरेजवाल्याने खावे काय? हा आक्षेप ज्यांस सुचतो, त्यांनी त्याच गॅरेजवाल्याशी मजुरीबद्दल घासाघीस करण्याचे आधी सोडावे. ज्याने स्वतः गंजलेला बोल्ट सोडवला आहे, आटे खाल्ले जाऊ नयेत म्हणून श्वास रोखून पाना फिरवला आहे, त्यालाच उस्तादाच्या हाताची किंमत कळते. क्लच, गिअरपेटी, इंजिनाची उघडझाप ही कामे उस्तादाकडेच जाणार, आणि जाणत्या गिऱ्हाइकाकडून त्याला योग्य दाम व योग्य मान मिळेल. नुकसान होईल ते केवळ लबाडाचे. आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांना एका कार्यशाळेने दिलेल्या बिलात 'इंजेक्टर सफाई' या सदराखाली रक्कम लावली होती. त्यांची मोटार कार्बोरेटरची. तिला इंजेक्टर मुळी नव्हताच! त्यांनी पैसे दिले, कारण नसलेली वस्तू साफ होत नाही हे सांगण्यासाठी ती वस्तू नाही हे ठाऊक असावे लागते.

तिसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र गंभीर आहे आणि त्यास हसून टाळता येत नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये; खाली घोड्या लावाव्यात आणि जमिनीवरच्या चाकांस दगडांची ओट द्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. ब्रेक व स्टिअरिंग यांच्या जोडण्यांस नवशिक्याने हात लावू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते म्हणून दोनएक वर्षांनी ते बदलावे लागते, हे माहीत असणे त्याच्याकडे पुरेसे, बदलणे उस्तादाकडे. काढलेले काळे ऑइल नालीत ओतणे हा तर अपराध समजावा. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा ठिकाणीच द्यावे. परंतु धोका आहे म्हणून काम सोडावयाचे, तर विळी आणि स्टोव्ह यांस स्वयंपाकघरात प्रवेशच मिळाला नसता. धोक्यावरचा उपाय ज्ञान हा आहे, पलायन नव्हे.

चौथा आक्षेप हवेच्या प्रदूषणाचा. जुन्या मोटारीचा धूर नव्या मोटारीपेक्षा अधिक वाईट असतो, हे आम्हांस मान्य आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकाची बरोबरी पंचवीस वर्षांची गाडी करू शकणार नाही. जी गाडी धुराच्या तपासणीत उतरत नाही ती रस्त्यावर नसावी, याबद्दल दुमत नाही. पण याच कारणाने देखभालीचे महत्त्व कमी न होता वाढते. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला एअर फिल्टर हवा कमी पाडतो, पेट्रोल जास्त जळते आणि काळा धूर निघतो. शिवाय महिन्यातून दोनतीनशे किलोमीटर चालणारी, नीट राखलेली गाडी मोडीत काढून नवी घेणे म्हणजे तिच्या पोलादासाठी व रबरासाठी दुसरीकडे कुठे तरी धूर काढणेच होय. तो आपल्या नाकापर्यंत पोचत नाही, इतकेच.

आता या अज्ञानाचा परिणाम केवळ बिलापुरता राहिलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी पुन्हा करून घ्यावी लागते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले. २० वर्षांवरील मोटारीसाठी ते २०२५ च्या ऑगस्टात १०,००० झाले. मोटार जुनी म्हणजे टाकाऊ, असे समीकरण मनांत रुजविले जात आहे. आणि तारखेवरून नव्हे, प्रकृतीवरून निवाडा करा, असे सांगण्यास उभा राहील कोण? ज्याला तिची प्रकृती ठाऊक आहे तोच! २०२२ साली केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश होता. हक्क कागदावर मिळेलही. परंतु ज्या मालकास गज कोठे असतो हे माहीत नाही, त्याने दुरुस्तीचा हक्क घेऊन काय करावे? न वापरलेला हक्क आणि न उघडलेले बॉनेट, दोन्ही गंजतात. उद्याच्या मोटारी अधिकाधिक बंदिस्त होत आहेत ही तक्रार बरोबर आहे. पण उघडणाराच नसला, तर कारखानदाराने त्या उघड्या ठेवाव्यात तरी कशाला?

आमच्या मराठवाड्यातील शेतकरी या बाबतीत आमचा गुरू आहे. मृगापूर्वी तो तिफण व वखर दुरुस्त करून ठेवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकून, तूप-हळद लावून तो स्वतः चोळतो. खांदा सुजला असेल, कातडे सोलले असेल, तर ते त्याच्या तळहाताला कळते. ही पूजा आहे आणि तपासणीही आहे. आम्ही सुशिक्षित काय करतो? दसऱ्यास मोटारीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू चिरडतो, आणि त्याच मोटारीच्या चेंबरमध्ये डांबरासारखे झालेले ऑइल तसेच पुढच्या दसऱ्यापर्यंत फिरू देतो. पूजा उरली, तळहात गेला.

यास्तव आमची मागणी साधी आहे. घरात एक पान्यांचा संच, एक प्लगपाना, दोन घोड्या आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका असावी. खंडेनवमीस हार घालण्यापूर्वी ऑइल बदलावे. मुलाने आणि मुलीनेही, वाहन चालविण्याचा परवाना हाती येण्याआधी एकदा तरी चाक काढून बसवावे व प्लग साफ करावेत. पहिल्या वेळी उस्तादास सन्मानाने घरी बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि आपण जमिनीवर बसून शिकावे. महाविद्यालयांत आम्ही ज्या विद्येस विद्या म्हणतो तिला याने बाध येणार नाही. उलट, शब्दांच्या मागे वस्तू असते आणि वस्तू खोटे बोलत नाही, हा धडा तिला मिळेल. ज्याचे त्याला ठाऊक नाही त्याचा तो मालक नव्हे, भाडेकरू होय. आणि भाडेकरूस केव्हा बाहेर काढावयाचे, हे नेहमी दुसराच ठरवितो.