विश्लेषण : व्हर्च्युअल मशीनमधली घंटा कोण पोहोचवते?

भंडारा जिल्ह्यातील चिखला येथे 'मॉइल'ची भूमिगत मँगनीज खाण आहे. अशा खाणींतील उभ्या शाफ्टच्या पिंजऱ्यासाठी १९६१ च्या नियमावलीत घंटेची भाषा ठरलेली आहे. पिंजरा थांबलेला असताना एक ठोका म्हणजे 'वर घ्या', दोन म्हणजे 'खाली सोडा', तीन म्हणजे 'माणसे बसणार'. चालता पिंजरा मात्र एका ठोक्याने थांबवायचा. ठोका चुकीचा पोहोचला तर जिवावर बेतते. संगणकातही अशीच घंटा असते.

इंटरप्ट म्हणजे काय?

कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांना प्रोसेसरचे लक्ष हवे असले की ते इशारा देतात. तोच इंटरप्ट. जुन्या पीसीत '८२५९' प्रकारच्या दोन चिप मिळून १५ उपकरणांचे इशारे सांभाळत. पुढे आयओ-एपिक चिप आली, तिच्यात सहसा २४ वाटा असतात. कोणता इशारा कोणत्या प्रोसेसरकडे जायचा, हे त्या चिपमधल्या नोंदींवरून ठरते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काय बदलते?

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांच्याकडे खरी चिप नसते. सॉफ्टवेअर तिची नक्कल करते. लिनक्समधील 'केव्हीएम'ने वेगासाठी ही नक्कल थेट कर्नलमध्ये ठेवली.

मग धोका कुठे?

कर्नल सर्व भाडेकरूंचा सामायिक असतो. २०१३ मध्ये याच आयओ-एपिकच्या नकलेत त्रुटी सापडली. आभासी संगणकाने चिपचा भलताच रजिस्टर क्रमांक मागितला, तर मूळ सर्व्हरच्या मेमरीतील माहिती बाहेर येऊ शकत होती किंवा सर्व्हर कोसळू शकत होता.

उपाय काय?

२०१६ च्या लिनक्स ४.४ मध्ये 'स्प्लिट इरक्यूचिप'ची सोय आली. जुन्या चिपांची नक्कल कर्नलबाहेर, कमी अधिकारांच्या प्रोग्रॅममध्ये नेता येते; प्रत्येक प्रोसेसरचा लोकल एपिक तेवढा आत राहतो. जुन्या पद्धतीची उपकरणे यात थोडी मंदावतात. पण आजची नेटवर्क कार्डे आणि डिस्क बहुधा 'एमएसआय' पद्धतीने इशारा पाठवतात, तो आयओ-एपिकला वळसा घालून जातो. त्यामुळे हा तोटा किरकोळ ठरतो.

म्हणूनच सरकारी खात्यांनी क्लाउड सेवा घेताना केवळ दर आणि साठवण पाहणे पुरेसे नाही. कोणत्या जुन्या उपकरणांची नक्कल सुरू आहे आणि ती कर्नलमध्ये चालते का, हे निविदेतच विचारले पाहिजे. नागरिकांचे दाखले आणि जमिनीच्या नोंदी जिथे ठेवायच्या, तिथे हा प्रश्न फक्त तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.