पालकसंघाची वर्गणी आणि करमाफी

शाळेच्या पालकांनी गोळा केलेल्या पैशाला आयकरातून सूट मिळवावी की नाही, याबद्दल नाशिकमध्ये दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की धंदा नाही, नफा नाही, तर कर कसला आणि नोंदणी कशाला? दुसरे असे, की एकदा देणगीदाराला आयकरात वजावट देणारे ‘ऐंशी-जी’ प्रमाणपत्र हातात आले की देणग्यांची रीघ लागेल. दोन्ही मते लंगडी आहेत. तरीही नोंदणी करावी हेच खरे. फक्त तिची कारणे या दोन्ही पक्षांच्या बोलण्यात येत नाहीत.

आधी संघ कोणता, ते ठरवले पाहिजे. महाराष्ट्रात ‘पालक-शिक्षक संघ’ हे कायद्याने दिलेले नाव आहे. शुल्क विनियमनाच्या 2011च्या कायद्याप्रमाणे खासगी शाळेत असा संघ असतो, मुख्याध्यापक कार्यकारी समितीचे अध्यक्ष असतात आणि समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. या समितीचे मुख्य काम शुल्काला मंजुरी देण्याचे. सरकारी आणि अनुदानित शाळांत 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेली व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. चिठ्ठीने येणारी आणि मुदत संपली की बदलणारी समिती देणग्यांचा निधी वर्षानुवर्षे सांभाळू शकत नाही आणि तिची रचनाही त्यासाठी झालेली नाही. करमाफी मागायची तर पालकांना वेगळी संस्थाच काढावी लागते. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ बैठका वाया जातात.

‘नफा नाही, म्हणून कर नाही’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. चाळीस पालकांनी प्रत्येकी पाचशे रुपये काढून त्याच चाळीस मुलांची सहल काढली, तर त्यात कुणाचेच उत्पन्न नाही. आपलाच पैसा आपल्यावर खर्च झाला. परस्परतेचे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बांकीपूर क्लबच्या 1997च्या निकालात मान्य केलेले आहे. पण त्याची हद्द आखूड आहे. बंगळूर क्लबच्या 2013च्या निकालात क्लबच्या सभासद असलेल्या बँकांत ठेवलेल्या ठेवींचे व्याजही करपात्र ठरले. माजी विद्यार्थ्याचा धनादेश, मेन रोडवरच्या दुकानदाराची देणगी, आनंदमेळ्यातल्या वडापावच्या गाळ्याची कमाई, यांतले काहीही आले की परस्परता संपते. शिवाय हा पैसा जातो कुठे? बहुतेक वेळा खजिनदाराच्या फोनवरच्या यूपीआयने थेट त्यांच्या बचत खात्यात. त्या खात्याला जोडलेला पॅन त्यांचा, व्याजही त्यांच्याच नावावर. दोन-अडीच लाख जमले आणि आयकर खात्याने विचारणा केली, तर खुलासा त्यांनाच करावा लागतो आणि कागद म्हणून हाताशी असतो तो व्हॉट्सअॅपच्या गटातला संवाद.

ऐंशी-जीच्या भक्तांचे गणितही एकदा मांडून पाहावे. दहा हजारांच्या देणगीवर वजावट मिळते ती निम्म्या रकमेची, म्हणजे पाच हजारांची. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या देणगीदाराचा कर त्यामुळे उपकरासह 1,560 रुपयांनी कमी होतो. तोही जुनी करप्रणाली निवडली असेल तर. नव्या प्रणालीत ही वजावट नाही आणि 2023-24पासून वेगळी निवड न केल्यास लागू होणारी प्रणाली नवीच आहे. रोखीने दिलेल्या दोन हजारांपलीकडच्या देणगीला तर कुठेच सवलत नाही. देणगीदार शाळेवरच्या मायेपोटी देतो. 1,560 रुपयांसाठी कुणी दहा हजार काढत नाही.

वेगळ्या नोंदणीचा खटाटोप टाळायला तोडगा सुचवला जातो, की शाळेच्या संस्थेकडे ऐंशी-जी आहेच, तिच्याच पावत्या फाडाव्यात. हा सल्ला सोयीचा खरा, पण घातक. पैसा संस्थेच्या तिजोरीत गेला की त्यावर पालकांचा अधिकार उरत नाही. आणि ‘देणगी’ प्रवेशाशी जोडलेली निघाली, तर 1987च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने ती गुन्हा ठरते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. पालक आपल्याच मुलांसाठी पैसे जमवतात, मग यात धर्मादाय ते काय? याला उत्तर देणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1971मध्ये अहमदाबादच्या राणा जातीच्या संस्थेच्या खटल्यात दिला. लाभ साऱ्या जगाला मिळण्याची गरज नाही. समाजाचा एखादा वर्ग पुरतो, मात्र त्याची ओळख सार्वजनिक स्वरूपाच्या गुणावरून पटली पाहिजे, खासगी नात्यावरून नव्हे. एखाद्या शाळेचे विद्यार्थी, आजचे आणि उद्या येणारे, असा वर्ग ठरू शकतात. ‘वर्गणी भरणाऱ्यांची मुले’ ठरत नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जिम्नॅस्टिक्सच्या एका पालकसंघाने हीच चूक केली. ज्या पालकाने विक्री करून जेवढी कमाई केली, तेवढी त्याच्याच मुलाच्या शुल्कात वळती व्हायची. हात न लावणाऱ्याच्या मुलाला काही मिळायचे नाही. 2013मध्ये तिथल्या कर न्यायालयाने त्या संघाची करमाफी काढणे योग्य ठरवले. नाशिकच्या संघाने घटना लिहिताना हे ध्यानात ठेवावे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, गरजू मुलाचे शुल्क, हे सर्व वर्गणी दिली-न दिली न पाहता. एकाच जातीच्या किंवा धर्माच्या मुलांपुरता लाभ ठेवला, तर आयकराची सूट जाते.

मार्ग तसा सरळ आहे. किमान सात जणांनी घटना व नियमावली करून नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. महाराष्ट्रात 1860चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा असे दोन्ही लागू होतात, म्हणून क्रमांकही दोन मिळतात. मग संस्थेच्या नावाने पॅन, बँक खाते आणि बारा-एचा, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणाऱ्या नोंदणीचा, ऑनलाइन अर्ज. त्यासाठी गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. पहिली नोंदणी तीन वर्षांची, तात्पुरती. काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांत नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि नेमका हाच विसरला जातो. पुढे उत्पन्नाचे 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे, आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा. 2025चा आयकर कायदा 1 एप्रिल 2026पासूनचा. त्यात कलमांचे आकडे बदलले, चौकट तीच राहिली.

‘नोंदणी केली की निवडणुका आणि गटबाजी मागे लागते’, हा नाशिककरांचा खास आक्षेप. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या निवडणुका पाहिलेल्यांनी तो घेतला तर नवल नाही. पण 1914मध्ये स्थापन झालेली तीच संस्था आज जिल्हाभर शाळा-महाविद्यालये चालवते, हेही त्यांनी पाहिलेले असते. भांडणे बिननोंदणीच्या गटातही होतात; तिथे फक्त खरा खजिनदार कोण, हे ठरवणारे कुणी नसते. नोंदलेल्या संस्थेत फेरफार अर्जावर चौकशी होते आणि निकाल लागतो. तो वेळ खातो, हे मान्य.

एका वर्गाच्या सहलीपुरत्या गटाने या वाटेला जाऊच नये. पैसा बाहेरून येणार असेल आणि वर्षाअखेरीस शिल्लक राहणार असेल, त्या संघाने मात्र टाळाटाळ करू नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी राबवण्यासाठी कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे बारा-ए, ऐंशी-जी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, तिन्ही लागतात. पहिली दोन प्रमाणपत्रे काही महिन्यांत मिळू शकतात. तिसऱ्याला तीन वर्षे लागतात.