सनदेवाचून चाललेले खाते

2016 च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या कैदेतून दूरदृश्य यंत्रणेद्वारे मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे साक्ष देताना, मुंबईवरील हल्ल्यासाठी शहराची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने जी विधाने केली, त्यांतील एक ट्रॉम्बेच्या रहिवाशांना तरी विसरता येण्याजोगे नाही. ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्राची आपण पाहणी केली होती आणि तेथील एखादा कर्मचारी फितवून आतली माहिती मिळवावी, असे पाकिस्तानी गुप्तहेर खात्यातील मेजर इक्बालने आपल्याला सांगितले होते, असे तो शपथेवर म्हणाला. हा मनुष्य वारंवार मुंबईत येऊन गेला. इतकेच नव्हे तर 166 माणसांचा बळी घेणाऱ्या 26 नोव्हेंबर 2008 च्या त्या हल्ल्यानंतरही, 2009 च्या मार्चमध्ये, तो पुन्हा भारतात येऊन सुखरूप परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पकडला गेला तो शिकागोत.

देशांतर्गत हेरगिरीचा माग काढणे हे ज्या खात्याचे मुख्य कर्तव्य, त्या केंद्रीय गुप्तवार्ता विभागाने, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या ‘आयबी’ने, या प्रकरणी कोठे नजरचूक केली, की इतर खात्यांकडून तिला वेळेवर खबरच मिळाली नाही, याचा जाहीर निवाडा आजतागायत झालेला नाही. महाराष्ट्र सरकारने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिने पोलीस दलाच्या उणिवा निर्भीडपणे मांडल्या, समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे 2006 पासून येत असतानाही त्यांचे पुढे काय झाले याची छाननी केली. परंतु केंद्रीय गुप्तवार्ता संस्थांचा कारभार राज्याच्या अखत्यारीबाहेरचा म्हणून तिच्या कक्षेबाहेरच राहिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी पदे सोडली, आणि ज्या दफ्तरातून इशारे निघाले त्या दफ्तराची झडती मात्र जनतेच्या प्रतिनिधींपैकी कोणीही घेतली नाही.

या विभागाच्या अधिकाऱ्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. नाव प्रसिद्ध होणार नाही, यश मिळाले तर कोणाला कळणार नाही आणि अपयश तेवढे सर्वांच्या डोळ्यांत भरेल, अशा स्थितीत आयुष्य वेचणाऱ्या या माणसांविषयी आदर बाळगूनच हे लिहीत आहे. प्रश्न आहे तो खात्याच्या पायाचा. 1887 साली भारतमंत्र्याच्या हुकुमाने जन्माला आलेल्या या खात्याला स्वतंत्र भारताच्या संसदेने स्वतःची अशी सनद अद्याप दिलेली नाही. 1985 साली संसदेने गुप्तवार्ता संस्थांविषयी जो एक कायदा केला, तो त्यांची कर्तव्ये व मर्यादा ठरवण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या नोकरवर्गाच्या संघटना-स्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यासाठी! माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातून, भ्रष्टाचार व मानवी हक्कांच्या पायमल्लीचे आरोप वगळता, हा विभाग मुक्त ठेवण्यात आला आहे. फोन ऐकण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली काही बंधने घातली खरी. पण हुकूम देणारा सचिव आणि त्या हुकुमाची फेरतपासणी करणारी समितीही सचिवांचीच, अशी ती व्यवस्था आहे.

गुप्तता राखायची तर जबाबदेही परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ट्रॉम्बेकडेच पाहावे. अणुशक्तीच्या कामाहून अधिक गोपनीय असे काम या देशात कोणते? तरीही त्या कामाला 1948 पासून संसदेच्या कायद्याचा आधार आहे, आणि त्या पहिल्याच विधेयकातील गुप्ततेच्या कलमांवर सभासदांनी प्रत्यक्ष पंडित नेहरूंना जाब विचारला होता. 2012 साली महालेखापालांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभाराची तपासणी करून अहवाल संसदेपुढे ठेवला, लोकलेखा समितीने त्यावर ताशेरे ओढले. त्यामुळे अणुभट्टीचे एकही रहस्य शत्रूच्या हाती गेले नाही. त्या मंडळाला पुरेसे स्वातंत्र्य नाही, हा तर त्या तपासणीचाच निष्कर्ष होता, आणि तो आपल्याला कळला तो तपासणी झाली म्हणूनच. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत सहाव्या नोंदीत अणुशक्ती आहे व आठव्या नोंदीत केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभाग आहे. सहाव्या नोंदीवर कायदा करणाऱ्या संसदेने आठवीवर मौन पाळावे, याला घटनेचा कोणताही आधार नाही.

26 नोव्हेंबरनंतर सामान्य माणसाकडून किती काटेकोर हिशेब मागितला गेला, तेही या किनाऱ्यावर दिसते. ट्रॉम्बे कोळीवाड्यातला नाखवा होडी पाण्यात लोटतो तेव्हा होडीवर नोंदणीचा क्रमांक ठळक रंगवलेला असावा लागतो, मासेमारीचा परवाना व ओळखपत्र जवळ बाळगावे लागते, आणि गस्तीच्या नौकेने हटकले की जाळे टाकायचे थांबवून कागद दाखवावे लागतात. तो हे सारे करतो, कारण शहराच्या रक्षणात आपलाही वाटा आहे हे त्याला पटलेले आहे. त्या नाखव्याचा हिशेब शासनाजवळ आहे. शासनाच्या या खात्याचा हिशेब त्याने निवडून दिलेल्या खासदाराजवळ नाही.

आणि प्रश्न केवळ अपयशाचा नाही. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने या विभागाच्या राजकीय वापराकडे बोट दाखवले होते. सत्ताधारी बदलले, पक्ष बदलले, परंतु विरोधकांवर पाळत ठेवण्याचा मोह कायद्याने अडवता येईल अशी तरतूद कोणीही केली नाही. ब्रिटनने 1989 साली आपल्या सुरक्षा खात्याला कायदा दिला, 1994 साली त्यावर संसद सदस्यांची समिती नेमली, आणि 2005 च्या लंडनमधील स्फोटांनंतर वर्षभरात त्या समितीचा अहवाल छापून लोकांच्या हाती पडला. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी 2011 साली अशाच स्वरूपाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले; ते पुढे सरकले नाही.

महाराष्ट्रातून लोकसभेवर 48 सभासद जातात. हल्ल्याचा घाव ज्या शहराने सोसला त्याच्या प्रतिनिधींनी, पक्षभेद बाजूला ठेवून, हे विधेयक पुन्हा मांडावे: विभागाची कर्तव्ये कलमबद्ध करणारे, पक्षीय कामासाठी त्याचा वापर हा गुन्हा ठरवणारे, आणि दोन्ही सभागृहांतील मोजक्या सभासदांच्या, गुप्ततेची शपथ घेतलेल्या समितीला दफ्तर पाहण्याचा व मोठ्या दुर्घटनेनंतर अहवाल देण्याचा अधिकार देणारे. त्या समितीपुढे पहिले प्रकरण हेडलीचे ठेवावे.