खिडकी कूलरची की इंटरनेटची?

जयपूरला बदली झाली की क्वार्टर मिळेपर्यंत अनेक कुटुंबं शास्त्री नगरसारख्या वस्तीत भाड्यानं राहतात. केबलसाठी भिंतीला भोक पाडायला घरमालक तयार नसतो, आणि आपलाही मुक्काम दोन-तीन वर्षांचाच. त्यामुळे टॉवरवरून थेट घरात येणारं ५जी इंटरनेट सोयीचं वाटतं. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही 'एअरफायबर' आणलं. एअरटेलचा सुरुवातीचा डबा तर ग्राहकानंच लावायचा होता: कोड स्कॅन करा, अ‍ॅप दाखवेल तिथे ठेवा.

कल्पना चांगली आहे. पण जागा शोधण्याचं काम ग्राहकावर सोडणं इथल्या घरांत चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथल्या जुन्या घरांच्या भिंती दगडी आणि जाड. ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्यातून जाताना बराच जोर गमावतात. २६ गिगाहर्ट्झच्या तर जवळजवळ अडतातच. दहा डेसिबल घट म्हणजे सिग्नलची ताकद दहावा हिस्सा. म्हणून डबा टॉवरकडच्या खिडकीत हवा. पण वायफायही त्याच डब्यातून निघतं, आणि त्याला घराचा मध्य हवा. शिवाय जयपुरात खिडकी मोकळी असते कुठे? तिथे पत्र्याचा कूलर बसलेला. पश्चिमेची खिडकी रिकामी असली, तर मे महिन्यात डबा उन्हात भाजतो.

नवरा सीमेवर आणि घरी सासू-सासरे, मुलं. तिकडून कधीतरी लागणारा व्हिडिओ कॉल अडखळला, तर डबा हातात घेऊन खोल्या कोणी फिरायच्या?

फौजेत रेडिओची जागा नकाशावर निवडतात, पण पक्की होते ती जागेवर जाऊन पाहिल्यावरच. अँटेना उंचावर, सेट आडोशाला. घरालाही हेच लागू आहे: अँटेना गच्चीवर, राउटर मधल्या खोलीत. माणूस पाठवण्याचा खर्च कंपनीला जड वाटतो, हे खरं. खिडकीतून टॉवर दिसत असेल तिथे ग्राहकानं स्वतः डबा लावावाही. बाकी घरांत आधी पाहणी व्हावी, आणि जागा सापडली नाही तर पैसे विनातक्रार परत मिळावेत.

तोवर एक करा. पैसे भरण्याआधी त्याच कंपनीचं सिम असलेला ५जी फोन घेऊन रात्री नऊच्या सुमारास खिडकीत आणि मधल्या खोलीत स्पीड तपासा. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला, तर गच्चीवरच्या अँटेनाचाच आग्रह धरा.